ब्रेकमधली हवा

"भावजी, हे 'सोड' म्हणत नाहीत."

फोनवर शालनवहिनींचं हे पहिलंच वाक्य. डिसेंबरातली सकाळ, साडेदहाचा सुमार. मी दादरच्या घरी खिडकीशी पेपर धरून बसलो होतो. वाचत होतो असं म्हणवत नाही, कारण त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. वहिनी पुढे म्हणाल्या, "मघापासून पाय दाबून धरलाय मी. तीनदा हाक मारली. इथून ते दिसत नाहीत. पाय काढला तर ओरडतील, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्हाला ठाऊक आहे ना यातलं… किती वेळ धरायचा असतो?" पाच-सात सेकंद, वहिनी. फार तर दहा. पण हे मी बोललो नाही. "पाय काढा आणि खाली उतरून बघा," एवढंच म्हटलं. त्यांनी विचारलं, "चिडले तर?" मी म्हटलं, "माझं नाव सांगा." फोन चालूच होता. चपलांचा आवाज आला, आणि मग त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली. चारचौघांत त्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी परळच्या त्या चाळीच्या चौकात त्यांनी ते मोठ्यानं घेतलं.

दिगंबर सावंत गेला. आमचा दिगू. जीपच्या मागच्या चाकाशी, पाठीवर झोपलेला, हातात पाना. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंसुद्धा नसेल. आपलं समाधान करायला म्हणतात तसं. मला मात्र सगळं कळत होतं, आणि ते जूनपासून कळत होतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी ते 'सोड' काय ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हा म्हातारा काय बडबडतोय. जुन्या गाडीचे ब्रेक नव्यानं बसवले की नळ्यांत हवा राहते. हवा राहिली तर पायाखाली पेडल नुसतं मऊ मऊ लागतं आणि गाडी थांबायची तेव्हा थांबत नाही. ती हवा काढायचं काम एकट्याचं नाही. एकानं वर सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी झोपून एक बारकी चावी जराशी ढिली करायची. तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, चावी बंद होते, मग वरच्यानं पाय काढायचा. त्याच्या आधी काढला तर सगळी हवा परत आत. म्हणून खालचा माणूस हुकूम देतो, दाब, धर, सोड. वरच्यानं डोकं वापरायचं नाही, फक्त ऐकायचं. दिगू मला म्हणायचा, "अरुण्या, ह्या तुझ्यासारख्याचाच काम. डोक्याक त्रास नाय." हे काम माझं होतं. त्या दिवशी त्या सीटवर मी असायला हवा होतो.

आम्ही परळच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. त्याचे वडील गिरणीत, माझे कचेरीत कारकून. मी पुढे कारकूनच झालो, तो बसडेपोत फिटर. स्वभाव दोन टोकांचे. मला घरातून निघताना गॅस बंद केलाय का म्हणून तीनदा परत फिरायची सवय, आणि तो चालत्या इंजिनात हात घालणारा. तो मला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा, वहिनींसमोरसुद्धा. मला राग यायचा, पण खोटं तरी कसं म्हणू?

त्याचा थोरला भाऊ नाना सैन्यात ड्रायव्हर होता. सुट्टीवर आला की चाळीच्या गॅलरीत बसून दिगूला गाड्यांच्या गोष्टी सांगायचा. डोंगरातले रस्ते, बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या, आणि मागे बसलेल्या जवानांची झोप मोडू नये म्हणून वळणावर गाडी कशी हलकी घ्यायची ते. एका हिवाळ्यात रस्ताच खचला आणि नानाची गाडी दरीत गेली. आम्ही तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो. चाळीत माणसं भेटायला यायची, दिगूच्या पाठीवर हात ठेवायची आणि विचारायची, "कुठल्या लढाईत?" दिगू सांगायचा, लढाईत नाही, गाडी दरीत गेली. "असं होय…" म्हणून समोरच्याचा हात खाली यायचा. तो खाली येणारा हात दिगू जन्मभर विसरला नाही. मला एकदा म्हणाला होता, "बंदुकीनं मेला असता तर आमच्या आईला झेंडावंदनाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली असती रे."

निवृत्त झाल्यावर त्यानं ती जीप आणली. लष्करानं कधीतरी लिलावात काढलेली, पुढे कुणाच्या तरी शेतावर कोंबड्या बसायच्या तिच्यात. ट्रकवरून चौकात उतरवली तेव्हा चाळ हसली. मी हसलो नाही, मी घाबरलो. कागदपत्रांचं काय, पोलीस विचारतील त्याचं काय, पोरं वर चढून पडली तर काय… दिगू म्हणाला, "कागद तुझे, गाडी माझी." मग मी पुढचं दीड वर्ष सरकारी खिडक्यांपुढे उभा राहिलो आणि तो गाडीखाली झोपला. वहिनींनी पहिले दोन महिने गाडीकडे पाहिलं नाही, मग बॉनेटवर ऊन छान येतं म्हणून पापड वाळत घालायला लागल्या. गणपतीत मंडपाला जागा हवी, तेव्हा अख्ख्या चाळीनं ती ढकलत मागच्या बोळात नेली आणि विसर्जनानंतर परत आणली. तोवर ती सगळ्यांचीच झाली होती. हसणारेच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगायचे, मिलिटरीची आहे, हात लावू नका.

जीपच्या मागच्या फळीच्या बाहेरच्या बाजूला त्यानं नावं लिहायला घेतली. आपल्या भागातले, गाडी चालवताना गेलेले सैन्यातले ड्रायव्हर. नुसते ड्रायव्हर. यादी करायला आम्ही दोघं घरोघर फिरलो. लालबागला चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरात, बाविसाव्या मजल्यावर एक आजी भेटल्या. मुलाचा फोटो त्यांनी पदरानं पुसून दिगूच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "पण तो लढाईत नाही हो गेला. चालेल ना?" दिगूनं मान डोलावली. खाली आल्यावर फुटपाथवर उभा राहून म्हणाला, "सव्वीस जानेवारीला ह्या आजीला पुढच्या सीटवर बसवून शिवाजी पार्कला संचलन बघायला न्यायची. ठरलं." मी विचारलं, ब्रेक? तो म्हणाला, "ब्रेक झाल्याशिवाय मी तरी बसवीन काय?"

जूनमध्ये जिना चढताना त्याला दम लागायला लागला. मीच मागे लागून माटुंग्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका, आणि वजन उचलायचं बंद. बाहेर आल्यावर दिगू म्हणाला, सव्वीस जानेवारी झाली की दुसऱ्या दिवशी अॅडमिट. मी भांडलो. तेव्हा त्यानं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "शालनला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घे." मी घेतली. आता तुम्ही म्हणाल, सहासष्ट वर्षांचा शिकलेला माणूस, शपथ कसली पाळतो? पण त्याच्या गळ्याची शपथ मोडली आणि त्याला काही झालं तर… हा विचार मनात येऊ द्यायचीही माझी हिंमत नव्हती. शपथ पाळून त्याला जगवायला निघालो मी. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडणार नाही.

तेव्हापासून माझी झोप गेली. तो जॅक लावायला वाकला की मी जवळ जाऊन उभा राहायचो. घाम आला की विचारायचो, काय होतंय का? तो म्हणायचा, उकडतंय. वहिनी चहा घेऊन आल्या की मी खाली मान घालायचो. एकदा त्यांनी मला थेट विचारलं, "ह्यांचा चेहरा उतरलाय असं वाटतं का हो तुम्हाला?" मी म्हटलं, ऊन फार आहे. डिसेंबर उजाडला, रंग झाला, इंजिन लागलं, राहिले फक्त ब्रेक. आणि मला एक अक्कल सुचली. हवा काढायला दोन माणसं लागतात. मी गेलोच नाही तर काम अडेल. अडलं की तो कंटाळून आधी ऑपरेशन करून घेईल. गुडघा दुखतोय असं सांगून मी घरी बसलो. आठ दिवस. तो रोज फोन करायचा, "काळजीवाहू, गुडघा काय म्हणतो?" मी खोटं सांगायचो. मी गेलो असतो तर ब्रेक दोन दिवसांत झाले असते. त्याला घाई सुटली होती, मला टाळाटाळ सुचली होती, आणि नवव्या दिवशी त्यानं वहिनींना सीटवर बसवलं.

पुढचं काम डेपोतल्या इस्माईलभाईंनी केलं. दिगूबरोबर तीस वर्षं काम केलेला माणूस. तेरावं झाल्यावर हत्यारांची पेटी घेऊन स्वतःच आले. म्हणाले, "सावंत का काम अधूरा नहीं छोडने का." मला त्यांनी वर बसवलं. मी दाबत होतो, धरत होतो, त्यांनी म्हटलं की सोडत होतो. चाळीतल्या काहींनी सुचवलं, दिगूचंही नाव मागच्या फळीवर लिहूया. वहिनी ठामपणे म्हणाल्या, "नाही. ते सैन्यात नव्हते. ज्यांची आहेत त्यांचीच राहू द्या."

सव्वीस जानेवारीला जीप निघाली. इस्माईलभाई चालवत होते, त्यांच्या शेजारी लालबागच्या आजी, मांडीवर मुलाचा फोटो. मागे वहिनी आणि मी. प्रत्येक सिग्नलला मी श्वास रोखून धरत होतो, आणि प्रत्येक सिग्नलला गाडी जिथल्या तिथे थांबत होती. रस्त्यावरची माणसं फोटो काढत होती. एका ठिकाणी एक पोलीस हवालदार मागची फळी वाचायला आला, नावं वाचता वाचता त्यानं टोपी सारखी केली आणि सॅल्यूट ठोकला. आजींनी मागे वळून पाहिलं, त्यांना काय करावं सुचेना, त्यांनी हात जोडले. वहिनींचे डोळे भरून आले. त्या मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होतात म्हणून हे झालं. ह्यांच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही जपलंत त्यांना." ते ऐकलं आणि मला राहवेना. इतके दिवस गिळून बसलो होतो ते सगळं मी त्या गाडीत, त्या गर्दीत सांगून टाकलं. जूनचे रिपोर्ट, शपथ, न दुखणारा गुडघा. वहिनी परत येईपर्यंत समोर बघत राहिल्या.

चौकात उतरल्यावर मी निघालो. त्यांनी हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. "ह्याची माफी मी तुम्हाला देणार नाही, भावजी. मागूही नका." मी मान हलवली. "पण उद्यापासून चारला येत जा. जूनपासून तुम्ही जे बघितलंत आणि मला बघू दिलं नाहीत, ते सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."

तेव्हापासून रोज जातो. जीप तिथेच आहे, बॉनेटवर अजून पापड असतात. वहिनी चहा घेऊन पुढच्या सीटवर बसतात, मी बाहेर स्टुलावर. त्या विचारतात आणि मी सांगतो. तपासणीला कुठला शर्ट घातला होता, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबायचे, गोळ्या कुठे लपवायचे. गोळ्या माझ्या पिशवीत असायच्या हे ऐकून त्या कितीतरी वेळ माझ्या पिशवीकडे बघत होत्या. कधी कधी ऐकता ऐकता हसतातही, कारण तपासणीला बसल्या बसल्या तो डॉक्टरांच्या गाडीचं मायलेज विचारत होता.

काल त्यांनी विचारलं, "घाबरले होते का हो?"

गाळायचं नाही असं ठरलं होतं. मी सांगितलं, हो, फार. डॉक्टरांकडून निघाल्यावर लिफ्टमध्ये त्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. हात गार पडला होता. म्हणाला, अरुण्या, माझं काही झालं तर शालनला एकटीला त्या खोलीत झोप लागायची नाय रे.

वहिनींनी कप खाली ठेवला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला ते घाबरलेले कधी दिसले नाहीत. मला वाटायचं, ह्यांना भीतीच नाही कशाची." मग माझ्याकडे वळल्या. "मी दिला असता की हो त्यांना धीर…"

आज चारला पुन्हा जायचं आहे.