तिसरी मात्रा

व्हायोलिनच्या गजाला राळ घासताना जो वास येतो, तो मला अजून बहारीनला, जनाबियाच्या त्या परदेशी साहेबलोकांच्या कंपाउंडमध्ये नेऊन उभं करतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याचा नॉर्वेजियन साहेब व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या वडिलांची एक नाचाची धून मी हिवाळाभर त्याच्याकडून शिकले आणि सारेगममध्ये लिहून काढली. तीन मात्रांतली शेवटची दरवेळी आखूड पडायची. मला वाटलं, साहेबाचा हात चुकतोय. म्हणून मी ती ओढून नीट, सारख्या मात्रांच्या दादऱ्यात बसवली आणि त्याच्याच पार्टीत ऐटीत वाजवली. साहेब ग्लास ठेवून उठला, माझ्या वाजवण्यावर नाचायला लागला आणि दर तिसऱ्या पावलाला मुद्दाम धडपडायला लागला. एसीच्या घरघरीवर हशा उसळला. "माझ्या बापाच्या त्या आखूड तिसऱ्या मात्रेवर लंगडेसुद्धा नाचायचे," तो ओरडला, "हिनं धडधाकट माणसाला पाडलं!" सगळ्यांत मोठ्यानं माझा नवरा हसला. गाडीत म्हणाला, "साहेब आहे गं तो, हसावंच लागतं." आता मी पुण्यात क्लास घेते. परवा एका मुलीची लय चुकली. मी खुर्चीतून उठले, तिच्या वाजवण्यावर पावलं टाकली आणि अडखळून दाखवलं. सगळा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं, दाराशी बसलेली तिची आई.