जाते गं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. म्हणजे नव्हता. आणि अनुभवाच्या नावाखाली थापा मारणाऱ्यांचा तर मला भयंकर राग येतो.

मी भोरची. संकट समोर दिसत असूनही माणसं घर का सोडत नाहीत, हा माझ्या अभ्यासाचा विषय. धोका बघून माणूस हलत नाही, शेजारी हलला की हलतो... हे मी लोकांना प्रोजेक्टर लावून शिकवते. आणि माझीच सख्खी आत्या हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, खचत्या डोंगराखालच्या वाडीत राहायची!

दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या गोठ्याच्या भिंतीला भेग पडली, मागच्या उतारातून गढूळ पाणी फुटलं. मी दुपारीच तिला न्यायला गेले. खालच्या शाळेत चल म्हणून अक्षरशः पाया पडले. ती आपली तांदूळ पाखडत बसलेली. वाडीतली समदी हितं हायत, मी एकटीच पळाले तर लोक हसतील, म्हणाली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. आत्या डोळ्यांदेखत गाडली जाईल आणि मी बघत राहीन, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात दारात प्लास्टिकची खोळ पांघरलेली बाई उभी राहिली. तोंड दिसत नव्हतं, पण आवाज शेजारच्या सखूकाकीचा.

"जाते गं, शांते."

आणि वळली.

आमच्याकडे निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही हो, 'येते' म्हणतात. आत्याच्या हातातलं सूप खाली पडलं.

"सखू निगाली? आन् जाते म्हनली?"

तिने म्हशीचं दावं सोडलं आणि चालायला लागली. आम्हाला बघून पुढचं घर निघालं, त्यांना बघून त्याच्या पुढचं... अख्खी वाडी शाळेत.

सखूकाकी सगळ्यात शेवटी आली, सुनेच्या खांद्यावर भार टाकत. गुडघे धरलेले, सकाळपासून अंथरुणातच होती म्हणे. सूनही तेच सांगत होती.

"तू निगालीस म्हनून म्या उठले, शांते," काकी म्हणाली.

अंधार पडायच्या आत डोंगर खाली आला. दोघींचीही घरं गेली, माणूस एकही नाही.

सवयीप्रमाणे मी नंतर प्रत्येकाला विचारलं, आधी कोण निघालं? जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो आणि शेवटचं बोट आत्याकडे येतं. भास म्हणावा, तर आत्याला आणि मला एकच कसा?

आत्या आता माझ्याकडेच असते. परवा तिला विचारलं, ती बाई पुन्हा कधी दिसली का गं?

"येते म्हनली असती," आत्या म्हणाली, "तर वाट बगितली असती."