बतासीचे मुसळ

अंदमानातील स्त्रियांच्या तुरुंगात अपराध विचारण्याची रीत नव्हती. ज्या सागराने प्रत्येकीचे गाव, गोत्र आणि माहेर एकाच वेळी हिरावून घेतले, त्याच्या तीरावर तरी जुन्या जखमेची खपली कोणी काढू नये, असा एक अलिखित विवेक तिथे नांदत होता. त्यातूनही एखादीने विचारलेच, तर उत्तर ठरलेले असे : मला दिराने गोवले, मला मुखियाने गोवले. इतक्या निरपराध स्त्रिया एका छपराखाली क्वचितच कुठे राहिल्या असतील. बतासी मात्र विचारणारीकडे सरळ पाहून सांगे, "नवऱ्याला मारलं. मुसळानं." आणि पुन्हा मागावर धोटा फेकू लागे.

ती अवधची, शरयूकाठच्या एका खेड्यातली. जाणती होण्यापूर्वीच तिचे लग्न झाले होते. तिला कोणी विचारले नव्हते, कारण मुलीला विचारायचे असते हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हते. नवरा ताडीच्या आहारी गेलेला. तिच्या पाठीवर त्याच्या हाताच्या खुणा नाहीत असा एकही सण तिला आठवत नसे. एका दुपारी ती अंगणात भात कांडत असता त्याने चुलीतले पेटते लाकूड घेऊन तिच्यावर झेप घेतली. हातातले मुसळ तिने एकदाच फिरवले. न्यायाधीशापुढे तिने काहीही नाकारले नाही. "हातात लाटणं असतं, तर आज तो लंगडत का होईना, साक्षीला आला असता," एवढेच ती म्हणाली. फाशी टळली, काळे पाणी पदरी आले.

तुरुंगात पाच वर्षे निमूट काढलेल्या स्त्रीला विवाह करून बाहेर पडण्याची मुभा असे. जमिनीचा तुकडा आणि झोपडी मिळालेले जुने कैदी ठरलेल्या दिवशी तुरुंगाच्या अंगणात येत. स्त्रिया पांढऱ्या वस्त्रांत, गळ्यातले लाकडी बिल्ले पुढे घेऊन, रांगेने उभ्या राहत. दोघांची संमती जुळली की साहेबापुढे अंगठे उठत. स्वयंवर म्हणावे असे त्यात वैभव काहीच नव्हते. परंतु राजकन्यांना जो अधिकार होता, तो या अभागिनींनाही होता : नको म्हणण्याचा. मात्र बाहेर गेल्यावर नवऱ्याने तक्रार केली, तर स्त्री पुन्हा आत येई, आणि मग बहुधा कायमची.

बतासीची पाळी आली त्या सकाळी शेजारच्या मागावरची खिरोदा तिची वेणी घालीत होती. खिरोदा बंगालची, तोंडाने फटकळ, अंतःकरणाने मऊ.

"अगं बये, आज तरी जीभ आवर. कोणी विचारलं तर म्हणायचं, दिरानं गोवलं."

"मला दीर नव्हता."

"मग सासऱ्यानं! एवढ्या मोठ्या जगात तुला एक सासरा मिळेना?"

बतासी हसली, पण तिचा निश्चय झाला होता. नवऱ्याला भिऊन तिने एक घर भोगले होते. आता तिला भिणारा नवरा नको होता. आज लपवले, तर उद्या कोणीतरी त्याच्या कानात सांगणारच. मग भ्यालेला माणूस साहेबाचे दार गाठील आणि तिच्या नशिबी पुन्हा हा माग येईल. त्यापेक्षा ज्याला पळायचे त्याने अंगणातूनच पळावे.

पहिला पाहुणा आला तो गुलाबी साफा बांधून. त्याने तिचे गाव विचारले. तिने गाव सांगितले आणि त्याच श्वासात मुसळही सांगितले. पाहुण्याला एकाएकी आपल्या गाईची आठवण झाली. तो फाटकाबाहेर गेला, आणि थोड्याच वेळात तोच गुलाबी साफा दुसऱ्या डोक्यावर बसून आत आला. या डोक्याला तो सैल होता; कानांनी अडवला म्हणून डोळ्यांवर आला नाही, एवढेच.

"पाहुणे," बतासी म्हणाली, "हा साफा मघाशीच मला भिऊन गेलाय. आता कशाला पुन्हा आला? खाली कोण आहे ते दाखवा."

साऱ्या रांगेत हशा उसळला. त्या गृहस्थाने शांतपणे साफा काढून काखेत धरला. डोक्यावर केस फारसे नव्हते, मुद्रा प्रसन्न होती. त्याचे नाव गयादीन.

"नवरा माझ्या हातून मेला," ती म्हणाली. "मुसळानं. तुमचं काय?"

"बांधावरचं भांडण. माझ्या लाठीनं चुलतभाऊ गेला." मग किंचित थांबून तो म्हणाला, "आता उखळात डोकं घालायचंच म्हटल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल, बाई?"

हसू बतासीलाही आवरले नाही. त्याच दिवशी अंगठे उठले.

झोपडी खाडीपलीकडे नारळीच्या झाडांत होती. गाय होती, परसात भाज्यांचे वाफे होते, कणगीत भात होता, आणि ओसरीवर लाकडाचे एक देखणे उखळ होते. बतासीने पदर खोचला, सुपात भात घेतला आणि इकडेतिकडे पाहिले.

"अहो, उखळ आहे. मुसळ कुठंय?"

गयादीन गाईकडे पाहू लागला. "शेजारी नेलंय मागून."

"कधी?"

"काल."

तिला सारे उमगले. अंगणात साफ्याबरोबर उसने आणलेले धैर्य घरापर्यंत पोचले नव्हते. गप्प राहावे, शेजारणीकडे कांडून आणावे, असेही मनात येऊन गेले. परंतु भीतीला एकदा ओसरीवर पाट मांडून दिला, की ती हळूहळू सगळे घर व्यापते. हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? तिची दृष्टी दाराकडे गेली.

"दाराआड ती लाठी कोणाची?"

"माझी. म्हणजे... ती नव्हे. ती कोर्टात राहिली. ही इथली."

"मी काही म्हटलं तिला?" तिने सूप खाली ठेवले. "तुमची लाठी दाराआड नि माझं मुसळ शेजारी, असा संसार होत नाही. लाठीही शेजारी ठेवा, नाहीतर मुसळ घरी आणा. आणि मला परत पाठवायचं असेल तर आत्ताच सांगा. भरती आहे तोवर होडी मिळेल."

गयादीन पायरीवर बसून राहिला. कोंबड्या अंगणभर हिंडल्या, गाय दोनदा हंबरली. बतासी उभीच होती. शेवटी तो उठला, बाहेर पडला, आणि परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर मुसळ होते. देवापुढे धरावे तसे त्याने ते दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले.

तिने घेतले. भात उखळात पडला, पहिला घाव बसला. आणि मग गयादीन उखळापाशी उकिडवा बसला. मुसळ वर जाई तेव्हा तो उखळात हात घाली, दाणे वरखाली करी, आणि मुसळ खाली येण्यापूर्वी हात काढून घेई. हे काम घरच्या माणसाचे. परक्यावर कोणी इतका विश्वास टाकीत नाही. पहिल्या काही घावांना तो हात फारच लवकर काढून घेई. मग ताल जुळला.

"जरा हळू, अगं."

"हात वेळेवर काढा. माझा ताल नाही चुकायचा."

त्या रात्री मुसळ दाराआड लाठीशेजारी उभे राहिले, आणि मग तीच त्याची जागा झाली.

पुष्कळ वर्षांनी खिरोदा त्या दारात आली. तिचाही संसार झाला होता. लेकीचे लग्न ठरले होते आणि हळद कुटायला मुसळ हवे होते.

"तुझंच दे. पहिला घाव तुझ्या हातचा हवा."

"माझ्या? विसरलीस का ग माझं मुसळ?"

"नाही विसरले. म्हणून तर आले."

बतासीने दाराआडचे मुसळ काढले, पदराने पुसले. "आधी एक सांग. पोरीला विचारलंस?"

"विचारलं. तिनं दोघांना नको म्हटलं, हा तिसरा."

"मग चल," बतासी म्हणाली, आणि मुसळ खांद्यावर टाकून पुढे झाली. मागून गयादीन ओरडला, "अगं, दाणे वरखाली करायला कोण आहे तिथे?"

"कोणी नाही," ती मागे न पाहता म्हणाली. "तुम्ही या."