रिझर्व्हवरच परत आलेली गाडी

मंडळी, आज मामाच्या मातीला मी येळेवर पोचलो न्हाई.

माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलला पेट्रोलचा काटा न्हाई. बंद पडली की टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर, म्हंजी तळाच्या राखीव पेट्रोलवर करायचा अन् पंप गाठायचा, एवढाच भरवसा. आज कनेरगाव नाक्याच्या अलीकडं बंद पडली. हात घातला, तर कॉक आधीच रिझर्व्हवर! काल धाकट्या भावानं गाडी नेली, रिझर्व्ह जाळलं अन् न सांगता आणून लावली.

ढकलत पंप गाठला. पोचलो तवा चिता पेटलेली. कुणाच्या तरी कारमधून आधीच आलेला भाऊ चारचौघांत म्हणला, "दादा, एवढा उशीर काहून केला? विकून टाक ते खटारं."

'गाडी परत देताना पेट्रोल टाकून कॉक मेनवर करावा,' हे आमा दोघांला मामानंच शिकवलं होतं. सांगा, त्यानं कोणत्या तोंडानं खांदा दिला असंल?