याकोबनं एकट्यानं उचललेलं दार

१९४८ साली, पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तवा, मी एकोणीस वर्षांचा होतो. याकोब वीसचा. तो गेला त्याला आता दीड महिना झाला. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक म्हणाले, शमुवेलबाबा, तुम्हीच सगळ्यात जुने, याकोबबद्दल चार चांगले शब्द लिहा. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, ते पण उर्दूत. मराठी मी बायबल वाचून शिकलो. चांगले शब्द बाकीच्यांनी लिहावेत. तीस वर्षं मी त्या माणसाला माझ्या हातचं पाणी दिलं नाय. ते का, तेवढं मला लिहायचंय.

गारखेडा तवा शेतातलं गाव होतं. आम्ही दोघं रहीमचाचा सुतारांकडं काम शिकलो. चाचांनी स्वतःच्या घराला सागवानी दार केलं होतं, लई जड, वरच्या अंगाला वेल कोरलेली. वेलीची दोन पानं याकोबनं कोरली, दोन मी. माझं एक बिघडलं. चाचा म्हणाले, "रहने दे, इसकू बी घर में जगा है."

पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मुसलमानांचं काय झालं ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. चाचा बायकापोरांना घेऊन खुलताबादला साडूकडं निघून गेले. मागं उघड्या घरात लोक शिरले. कुणी भांडी नेली, कुणी पत्रे. दार याकोबकडं गेलं. दिवाळीच्या सुमाराला चाचा एकदा आले, रिकाम्या चौकटीपुढं उभे राहिले, मग आमच्याकडं वळले. "दरवाजा कौन लेको गया रे बेटा?" आम्ही दोघांनी माहीत नाय म्हणून मान हलवली. दार तवा याकोबच्या कडब्याखाली होतं. चाचा पाणी प्याले आणि गेले... परत आले नाहीत. वर्षभरानं ते दार याकोबच्या घराला लागलं.

आमच्या मंडळीत रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या घरी जायचं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं, मगच भाकर घ्यायची. जमलं नसेल तर भाकरीचं ताट तसंच पुढं सरकवायचं. चोवीस-पंचवीस वर्षं गेल्यावर एका रविवारी याकोब भर मंडळीत उभा राहिला आणि रडत म्हणाला, रहीमचाचांचं दार मी चोरलं, मी एकट्यानं. बायकांनी डोळे पुसले, पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, क्षमा झाली म्हणाले, गीत झालं. मी ताट पुढं सरकवलं. लोकांना वाटलं, शमुवेलला चोरीचा राग आला.

चोरीचा नव्हता. ते दार एका माणसाला उचलत नाय. दुसऱ्या अंगाला मी होतो. यानं मला न विचारता, माझ्या देखत, माझा वाटा आपल्या अंगावर घेतला. मी उठून 'मी पण' म्हणायचं, तर मी नुसतं ताट सरकवलं. तेव्हापासून मला त्याचं तोंड बघवेना.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "शमू, चाचा वारले म्हणं. पोरगा हाय, हाफिज. चल, दोघं जाऊन दार देऊन येऊ."

मी म्हणालो, "एकट्यानं उचललंस ना? मग एकट्यानंच पोचव."

तो तसाच उठून गेला. पण नंतरही दर प्रभुभोजनाच्या शनिवारी यायचा. शेतं जाऊन कॉलन्या झाल्या, त्याचे गुडघे गेले, तरी काठी टेकत यायचा. मी आतच बसायचो. माझी बायको पाणी न्यायची, तर म्हणायचा, "वहिनी, त्याच्या हातचं पाहिजे." एका शनिवारी आला नाय, तवा कळलं अंथरुणाला खिळलाय. मी बघायला गेलो नाय. मातीला गेलो, ते पण मागं उभा राहिलो. पाळक म्हणाले, पश्चात्ताप असावा तर याकोबसारखा. मला संताप आला. दार अजून याच्याच घराला, आणि हे पश्चात्ताप म्हणतात! घरी येऊन चपला काढताना आठवलं... दोघं जाऊ, असं तो पहिल्याच शनिवारी म्हणाला होता. दोघांपैकी एक कायम आत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याचा मुलगा दानियेल म्हणाला, "बाबा, आज तरी भांडू नका." मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. एका अंगाला तो, एका अंगाला मी. कडीच्या वर एक जागा झिजून गुळगुळीत झालेली. याकोब रोज तिथं तळवा टेकून दार लावायचा. उचलताना माझा हात नेमका तिथंच पडला. टेम्पोनं खुलताबादला गेलो. हाफिज आता साठीचा. दार बघून तो खुर्चीतून उठला नाय. म्हणाला, "अब इसकू मैं कहाँ लगाऊँ?"

मी म्हणालो, "दोघांनी नेलं होतं. एकाला काल माती दिली. दुसरा मी."

त्यानं बसा म्हटलं नाय. पाणी विचारलं नाय, मी मागितलं नाय. दार त्याच्या भिंतीला टेकवलं, वेलीतलं माझं बिघडलेलं पान बाहेरच्या अंगाला ठेवून, आणि निघालो.