साडेअठ्ठ्याऐंशी

सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडायला घेतला की त्या वासासरशी दहावीतली एक चाचणी आठवते आणि कान गरम होतात. माझ्या पुढच्या बाकावरची मैत्रीण सकाळी सिंदी मेघेच्या वाडीतल्या सांभाराच्या जुड्या बांधून मगच शाळेत यायची. तिच्या बोटांना तोच वास असायचा. रसायनशास्त्राच्या पेपरात एका गणातली तीन मूलद्रव्यं दिली होती: कॅल्शियमचं अणुवस्तुमान चाळीस, बेरियमचं एकशे सदतीस, तर मधल्या स्ट्रॉन्शियमचं किती? मला नियमच आठवेना. मान उंच करून तिच्या पेपरात पाहिलं, तर तिथं नुसतं ८८.५. म्हणजे दोघांची बेरीज करून निम्मी करायची, हे त्या उत्तरावरूनच मला उमगलं आणि मी सगळी रीत पट्टीने रेघा मारून सुबक लिहिली. पेपर वाटताना सरांनी तिला उभं केलं. “रीत कुठाय? मागचीचं पाहून लिवलं काय?” “नाई सर, तोंडीच काढलं. हिले विचारा, हे मागंच बसते.” सर माझ्याकडे वळले. “काय वं, खरं बोलून राह्यली का हे?” मी पेनाचं टोपण काढत-लावत म्हणाले, “मले नाई माहीत, सर.” मग सरांनी माझी रीत फळ्यावर उतरवली आणि तिनं ती मुकाट्यानं वहीत लिहून घेतली. आता मीच विज्ञान शिकवते. रीत नसलेल्या बरोबर उत्तराला पूर्ण मार्क देते, आणि मुलं मला दयाळू समजतात.