तोडलेल्या वायरी

परवा बिरवाडीच्या गॅरेजमध्ये जळक्या वायरीचा वास आला आणि माझं डोकं भडकलं.

नवरा गेला त्या वर्षी त्याचा जुना पॉवर टिलर हँडल मारून सुरू करायला माझ्या हातांत जोर नव्हता. म्हणून मी टिलरला बॅटरीचा सेल्फ आणि दिवे बसवून घेतले. बटण दाबताच इंजिन धडधडलं, दिवे लागले. मी खुशीत हसले. तेवढ्यात थोरल्या दिरानं पक्कड आणून वायरी तोडल्या. ठिणग्या उडाल्या, रबर जळालं.

"बाईमाणसानं टिलर चालवायचा नाय!"

सासरे ओटीवर बिडी ओढत होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि पुढचा झुरका घेतला. शेत दिराच्या हाती गेलं.

तेव्हा मला दिराचा राग आला होता. आज सासऱ्यांचा जास्त येतो. त्यांनी नुसतं "थांब रे" म्हटलं असतं, तर माझं शेत मीच नांगरलं असतं.